तुम्ही म्हणताव म्हणून

रविवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला आणि स्क्रीनवर नाव आलं 'जर्सी गाय भूम'. नवरा उशीतून तोंड न काढताच म्हणला, उठ, तुझी गाय हंबरायली.

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. पलीकडं आबा. आबा ज्या संशोधनात होते तो स्टडी संपून तीन वर्षं झाली, शेवटची व्हिजिट झाली, फाइल बंद झाली, फाइलींचे खोके स्टोअररूममध्ये जाऊन पडले, पण आबांचा महिन्यातून एक फोन ठरलेला. या वेळेस विषय असा की नातसुनेचं आयुष्मान कार्ड निघंना, आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. मी म्हणलं, आबा, हे माझ्याकडं नसतं ओ. तर म्हणले, "म्हाईत हाय की. पर कुणाकडं आसतं ते तुमी सांगताल." आणि सांगितलं मी, काय करता.

आता गायीचं. पेशंटचं नाव आपल्या खाजगी फोनात ठेवायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे आणि तो बरोबरच आहे. प्रोजेक्टचा वेगळा फोन असतो, त्यात नुसते आकडे, ००४७, ००४८. पण प्रोजेक्ट संपला की तो फोन जमा करावा लागतो आणि माणसं काही जमा करता येत नाहीत, ती माझा नंबर कुठून ना कुठून काढतातच. मग मी त्यांना अशी नावं देते की फोन हरवला तर कुणाला काही कळू नये आणि मला मात्र चेहरा दिसावा. 'पिवळा फेटा'. 'भरतीच्या दोन पोरी'. 'विहीर ढासळली'. 'कॉफीच लागते'. आबांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाय व्यायला टेकली होती, आबा म्हणले थांबा ताई जरा, मी बीपीचा पट्टा हातात घेऊन सव्वा तास गोठ्याबाहेर उभी. वासरू झालं, आबांनी हात धुतले, मी बीपी घेतलं तर वरचं एकशे सत्तर. ते कुठं लिहिणार? चहाला नको म्हणलं (मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू चालत नाही), आबांना बाजेवर गप बसवलं आणि अर्ध्या तासानं परत घेतलं. कंपनीच्या डेटाबेसमध्ये त्या दिवसाचा एक आकडा आहे. वासरू माझ्याच फोनात आहे.

माझं काम काय हे मला एका वाक्यात कधीच सांगता आलेलं नाही. कार्डावर क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर असं लिहिलंय. आई शेजाऱ्यांना सांगते, दवाखान्यात लिहायच्या कामाला आहे. सासूबाईंची समजूत अशी की मी नर्स आहे पण सुई टोचायला घाबरते म्हणून टेबलावर बसवलंय. सगळ्यात नेमकं नाव एका पेशंटच्या बायकोनं ठेवलं होतं, ती वॉर्डबॉयला विचारत होती, "त्या मधल्या बाई कुठं बसतेत?"

मधल्या बाई. एका बाजूला डॉक्टर, प्रोफेसर, कंपनी, कुठंतरी मुंबई-बंगळुरात किंवा परदेशात बसलेले संशोधक, त्यांना एक प्रश्न पडलेला असतो आणि त्याचं उत्तर मिळायला अमुक इतकी माणसं लागतात. दुसऱ्या बाजूला ओपीडीच्या बाकड्यावर सकाळपासून बसलेला माणूस, त्याला एवढंच पाहिजे की नंबर लवकर लागावा आणि दोनची एसटी सापडावी. या दोघांची गाठ घालून द्यायची. सोयरिकीतल्या मध्यस्थासारखंच आहे, जमलं तर लग्नात तुम्ही कुठल्या पंगतीला जेवलात कुणी विचारत नाही, आणि बिनसलं तर दोन्हीकडचे तुमच्या दारात.

यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे कन्सेंट, संमती. कागदावर बघितलं तर सोपं आहे. २०१९ साली औषधांच्या ट्रायलचे नवे नियम आले, त्यात सगळं लिहिलंय, माणसाला त्याच्या भाषेत माहिती द्यायची, विचार करायला वेळ द्यायचा, प्रश्न विचारू द्यायचे, कधीही सोडून जाता येतं हे सांगायचं, वाचता येत नसेल तर ज्याचा ट्रायलशी काही संबंध नाही असा साक्षीदार बसवायचा, सहीची एक प्रत त्याला द्यायची. नियमाला नावं ठेवायला जागाच नाही. अडचण त्या 'त्याच्या भाषेत'पाशी सुरू होते. माहितीपत्रक मुळात इंग्रजीत, मग कुठली तरी एजन्सी त्याचं मराठी करते, आणि ती मराठी अशी असते की वाचताना मलाच ताप यावा. यादृच्छिकीकरण. प्रतिकूल घटना. अन्वेषक. चौदा पानं. एकदा एका गुरुजींनी, रिटायर झालेले मुख्याध्यापक, पूर्ण वाचलं चष्मा लावून, आणि शेवटी मला विचारलं, "यात माझा अन्वेषक म्हणजे तुम्ही का ते?" आमच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे ट्रायलला परवानगी द्यायची का ते ठरवणाऱ्या समितीत, एक बाहेरच्या बाई आहेत, कमिटीत एक तरी बिगर-वैद्यकीय सामान्य माणूस पाहिजेच असा नियमच आहे, त्या दर मीटिंगला एकच गोष्ट म्हणतात, हे माझ्या कामवालीला वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते मला सांगा. डॉक्टर लोक हसतात. माझ्या मते त्या खोलीतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच असतं.

तर मी कागद बाजूला ठेवून बोलते, आणि बोलताना उदाहरणं शोधावी लागतात. दोन गट पाडतात, कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो, हे सांगायला मी पूर्वी 'चिठ्ठी टाकतात' म्हणायचे. सोपं वाटायचं मला. मग एका मावशीनं पुढच्या व्हिजिटला येऊन हळूच विचारलं, "ताई, माझी चिठ्ठी निघाली का?" तिला वाटलं भिशीसारखं आहे, ज्याची निघाली त्याला खरी गोळी. चिठ्ठी बंद केली त्या दिवसापासून.

नवीन उदाहरण मला परतूरकडच्या एका काकांनी दिलं. कापूसवाले. मी सांगत होते की तुमच्या नेहमीच्या शुगरच्या गोळ्या चालूच राहणार, त्याच्यावर आणखी एक गोळी, निम्म्या लोकांना नव्या औषधाची आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. काका ऐकत होते, मधेच म्हणले, "म्हंजी विद्यापीठवाले करतेत तसं. अर्ध्या रानात नवं बी, अर्ध्यात जुनं, अन् मग बघायचं."

मी तर खूशच झाले. परभणीचं कृषी विद्यापीठ यांच्या घरचं, शिवारात वाणांचे प्लॉट बघितलेले. म्हणलं अगदी तसंच काका, फक्त इथं कुठल्या अर्ध्यात काय पेरलंय ते तुम्हाला माहीत नसतं, डॉक्टरला नसतं आणि मलाही नसतं.

"मग पेरणाऱ्याला तरी म्हाईत आसतं का?"

म्हणलं कॉम्प्युटरला असतं. काही गडबड झालीच तर उघडून बघता येतं.

"हां. अन् बी बोगस निघालं तर?"

ज्यानं सोयाबीन दुबार पेरलंय त्यानंच हा प्रश्न विचारावा. मी सांगितलं की ट्रायलच्या औषधानं काही त्रास झाला तर सगळा इलाज फुकट करावा लागतो, दवाखान्यात भरती करायची पाळी आली तर डॉक्टरला चोवीस तासांच्या आत वर कळवावं लागतं, आणि त्रास औषधामुळंच झाला असं ठरलं तर नुकसानभरपाई असते, तिचा विमा काढलेला असतो. विमा म्हणल्यावर काकांचा चेहराच बदलला. "पीकविम्यावानी का? मग अवघड हाय." मी हसले, बाजूची सिस्टर हसली, काका हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणले, "अन् रान कुणाचं म्हणलाव?"

मी म्हणलेच नव्हते. मला काही सुचेना.

"रान माजंच की," असं स्वतःच म्हणले आणि पोटावरून हात फिरवला.

सही केली नाही त्या दिवशी. कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि चार दिवसांनी पोराला घेऊन आले. पोरगा एमपीएससीवाला, त्यानं मोबाइलवर सीटीआरआयचा नंबर टाकून सगळं काढून ठेवलेलं. ही सरकारी नोंदवही आहे, २००७ पासूनची, २००९ पासून ट्रायलची नोंद तिथं करावीच लागते आणि कुणीही उघडून बघू शकतं. मी एवढी वर्षं पेशंटला हे सांगते पण खरंच उघडून बघणारा हा पहिला. कंपनी कोणती, किती लोक घेणार, कोणकोणत्या शहरांत चालू आहे, सगळं त्यानं मलाच वाचून दाखवलं. मग काकांनी सही केली, मोठी, पूर्ण नाव बापाच्या नावासकट. अशी संमती घेतली की मला रात्री झोप लागते.

झोप लागत नाही ती दुसऱ्या प्रकारच्या संमतीनं. मी बसते, कागद उघडते, 'हे बघा मामा' एवढं म्हणते तोवर समोरचा म्हणतो, "कुठं करायची सही? तुम्ही म्हणताव म्हणून करतो. वाचायचं काय त्याच्यात." आणि हे दिवसातून चार वेळा होतं. वाचता येणारेही असंच म्हणतात. माणूस आपल्यावर विश्वास ठेवतोय म्हणून बरं वाटायला पाहिजे, पहिली दोन वर्षं वाटलंही. मी मनात म्हणायचे आपली बोलण्याची हातोटीच तशी आहे.

मग मोंढ्यातले मामा आले. हमाली करायचे, पन्नाशीचे, शुगर निघालेली दोन वर्षांपूर्वी. आमच्या रिक्रूटमेंटचा, म्हणजे ट्रायलमध्ये माणसं घ्यायचा, महिना वाईट चालला होता, वरून मेल येत होते, तुमच्या साइटचा आकडा लाल दिसतोय म्हणून. (ज्यानं कुणी एक्सेलमध्ये लाल रंग शोधला त्याला एकदा आमच्या ओपीडीत बसवा.) मामा म्हणले तुम्ही म्हणता तर करतो, आणि मी तो लाल रंग डोळ्यांपुढं ठेवून सगळं सांगितलं खरं, पण कसं, तर रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तसं. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या हेही सांगितलं. अंगठा झाला, साक्षीदार झाला.

तिसऱ्या व्हिजिटला मामा गोळ्यांची बाटली रुमालात बांधून घेऊन आले. आम्ही परत आलेल्या गोळ्या मोजतो, ट्रेमध्ये ओतायच्या आणि चपट्या पट्टीनं पाच-पाच अशा सरकवायच्या. मामांच्या बरोब्बर निघाल्या. एक कमी नाही एक जास्त नाही, असं हजारात एखाद्याचं निघतं. मी म्हणलं मामा तुम्ही तर पहिल्या नंबरात. मग सिस्टरनं बोटातून रक्त घेतलं तर शुगर चारशे बारा.

घरची नेहमीची शुगरच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी पहिल्या दिवसापासून बंद केली होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यातली, कंपनीची, फुकटातली, बाई स्वतः मोजून घेतात अशी गोळी मिळाल्यावर ती आठ-दहा रुपयांची कशाला खायची? आणि ती कंपनीची गोळी कदाचित औषध नसलेली होती, मला आजही माहीत नाही. दोन दिवस भरती करावं लागलं, निस्तरलं, मामा सुधारले, त्यांनी एका शब्दानं मला बोल लावला नाही. मी फॉर्म भरला, डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्याप्रमाणं झालं नाही हे कळवायचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं 'सहभागीचा गैरसमज'. लिहिताना काही वाटलं नाही, रकाना भरायचा असतो. रात्री भाकरी थापताना आठवलं. सहभागीचा म्हणे!

तेव्हापासून सही घ्यायच्या आधी मी उलटं विचारते. आता तुम्ही मला सांगा, तुमची सून विचारेल, मामंजी तिथं काय करतेत, तर तिला काय सांगाल? माणूस जे सांगतो त्यावरून कळतं आपण काय सांगितलंय. बऱ्याचदा फार वाईट कळतं. "शुगरवर नवीन औषध आलंय, ते आपल्याला मिळायलंय." नाही ओ मामा, मिळायलंय असं नाही, मिळतंय का नाही तेच माहीत नाही, आणि मिळालं तरी गुण येईल का नाही हेच तर बघायचंय. परत पहिल्यापासून. एका माणसाला पाऊण तास जातो आणि एक्सेल लालच राहतं.

काही ट्रायलमध्ये हे सगळं व्हिडिओत पण घ्यावं लागतं, नवीन औषध असेल आणि माणूस परिस्थितीनं अडलेला असेल तर. तो एक वेगळाच सोहळा. कॅमेरा लावला की बायका पदर डोक्यावर घेतात, पुरुष टोपी सरळ करतात, एक आजोबा तर उठून तोंड धुऊन आले. आणि भाषा बदलते. आतापर्यंत 'हाव', 'न्हाई' चाललेलं असतं, कॅमेरा दिसला की रजिस्ट्री ऑफिसात उभे राहिल्यासारखे, "मी राजीखुशीने, कुणाचाही दबाव नसताना..." कुणी शिकवलेलं नसतं हां हे. जमिनीच्या खरेदीखतात ऐकून ऐकून पाठ झालेलं.

मी ही लाइन घेतली ती शहरात नाही, खेड्यात. एमएसडब्ल्यू झाल्यावर एका सर्व्हेत फील्डला लागले, धाराशिव-बीडच्या बाजूला, आबा तिथलेच. आणि आबांचा तालुका या बाबतीत जुना आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली, बार्शी तालुका आणि शेजारचे आपल्या मराठवाड्यातले परंडा आणि भूम. शहरात कॅन्सरची नोंद करायची तर दवाखान्यादवाखान्यात जाऊन रजिस्टर उतरवलं की झालं. खेड्यातला माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तर रजिस्टरात काय सापडणार? म्हणून त्यांचे कर्मचारी गावोगाव जायचे, लोकांना जमवून लक्षणं सांगायचे, ज्याच्यात काही वाटलं त्याला तपासणीला यायला राजी करायचे. नोंदणीच्या नावाखाली निम्मं काम माणूस घराबाहेर काढायचं.

मग २००० च्या सुमाराला त्याच भरवशावर फार मोठी ट्रायल झाली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर कोणत्या तपासणीनं लवकर सापडतो हे बघायला ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले की एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळं हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी आयुष्यात एकदा जरी केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. आज जागतिक आरोग्य संघटना जगभरच्या बायकांसाठी हीच तपासणी आधी करा म्हणते, त्यामागचा एक मोठा पुरावा आपल्या इथल्या ज्वारीच्या रानातून गेलाय. चौथ्या गटातल्या तीस हजारांवर बायकांची मात्र तपासणी केली नव्हती, तुलनेसाठी, नेहमीचा जो काही इलाज मिळत होता तेवढाच. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाले, हे नैतिक होतं का म्हणून. ते वाद मी वाचलेत आणि दोन्हीकडचं मला पटतं, म्हणजे काहीच पटत नाही.

पण मी तो आकडा वाचला की माझं डोकं भलतीकडंच जातं. तपासणीला आलेली प्रत्येक बाई कुणीतरी दारात उभं राहून बोलावलेली असणार. सुगीत. सासू ओट्यावर बसलेली असताना. आणि जिथं तपासायचं ती जागा अशी की तिचं नाव घेता येत नाही. मी त्या ट्रायलमध्ये नव्हते, पण अशी दारं मी केलीत. तीन दारं झाली की घसा बसतो. पेपरात वरती डॉक्टरांची नावं असतात आणि आमच्यासारख्या बायका शेवटी आभारात, 'फील्ड स्टाफ' म्हणून, एवढ्यातच सगळ्या.

बीडच्या बाजूला फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा, गर्भाशय आहे का. मला वाटलं होतं हा प्रश्न म्हाताऱ्यांसाठी असेल. पस्तिशीची बाई, तिशीची बाई सहज सांगायची, "पिशवी काढली." जसं काही दात काढला. कोयत्याला जायचं तर पाळीची कटकट नको, अंगावरून जातंय तर डॉक्टर म्हणला काढून टाका, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये शासनानं समिती नेमली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. आमच्या भाषेत त्या 'अपात्र'. फॉर्म तिथंच संपायचा, पुढचे सगळे प्रश्न सोडून सहीवर यायचं. मी कधी सोडले नाहीत पुढचे प्रश्न, म्हणजे फॉर्मवर सोडले, तोंडानं विचारले. त्याचं काय केलं म्हणाल तर काहीच नाही, कुठं लिहायचं ते?

फॉर्मला ऊसतोड कळतच नाही मुळात. दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं, गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, परत येणार उन्हाळा लागल्यावर. आणि आमची व्हिजिट तिसऱ्या महिन्यात, सात दिवस अलीकडं किंवा पलीकडं. नाही आला माणूस तर कॉम्प्युटरवर यादीतून कारण निवडायचं: स्थलांतर, मृत्यू, नकार, संपर्क नाही. शेवटी सगळ्यांच्या नावापुढं 'लॉस्ट टू फॉलोअप'. आम्ही सुटसुटीत 'लॉस्ट' म्हणतो. अरे पण हरवलाय कुठं? मला माहीत आहे तो कुठंय, कुठल्या कारखान्याच्या हद्दीत त्याची टोळी आहे, मुकादम कोण, कोपी कुठल्या ओढ्याकाठी पडलीय. मुकादमाला फोन लावला तर पाच मिनिटांत बोलणं होईल, पण मग मुकादमाला कळणार की याला काय आजार आहे, आणि पुढच्या साली उचल देताना तो ते लक्षात ठेवणार. नाही लावायचे फोन. एका पीआय मॅडमनी, म्हणजे स्टडीच्या प्रमुख संशोधक, हे ऐकून घेतलं आणि पुढच्या स्टडीचं वेळापत्रकच पाडव्यानंतर सुरू होईल असं आखलं, बाकी सगळ्यांनी मान हलवली आणि 'लॉस्ट' लिहायला सांगितलं.

आता 'न्हाई'चं सांगते. माझ्या फोनात खरंच असं एक नाव आहे, नुसतं 'न्हाई'.

सर्व्हेचेच दिवस. घरात सासू, सासरा, दीर, सगळे ओसरीवर. सून पंचविशीची, दहावी झालेली, पोटुशी. सासू म्हणाली, हां हां लिवा, आमच्या घरचे सगळे लिवा. सून मान खाली घालून. तिनंही मान हलवली, म्हणजे फॉर्मच्या हिशोबानं झालीच संमती. पण मी म्हणलं मला प्यायला थंड पाणी द्या, आणि तिच्या मागोमाग आत गेले. हा माझा जुना डाव आहे, पाणी, नाहीतर संडास कुठंय विचारायचं, बाईशी एकटीनं बोलायचं तर दुसरी जागा नसते. माठाजवळ उभं राहून विचारलं, तुला नको असेल तर सांग, मी बाहेर सांगते की तू आमच्या नियमात बसत नाहीस.

ती तांब्या धरून उभी राहिली. मग म्हणाली, "न्हाई म्हणलं तर सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बंद होतेत का? आशाताई याद ठेवतीन."

म्हणलं काही बंद होत नाही. आशाताईला कळणार पण नाही.

"मग न्हाई."

कारण सांगितलं नाही तिनं, आणि मी विचारलंही नाही. बाहेर येऊन सासूला म्हणलं, हिचं वय बसत नाही बघा. खोटं बोलले. रजिस्टरमध्ये खरं लिहिलं, 'नकार', कारण 'सांगितले नाही'. सुपरवायझर म्हणले कारण लिहा काहीतरी, रकाना रिकामा चालत नाही. म्हणलं लिहिलंय की. जाताना ती एसटीच्या फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली, शेळीसाठी पाला आणायच्या निमित्तानं, आणि माझा नंबर मागून घेतला.

तिची मुलगी आता दुसरीत आहे. ती फार फोन करत नाही, आबांसारखं नाही. वर्षातून दोनदा. परवा संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि 'न्हाई'चा फोन. गावात कुठल्याशा संस्थेची गाडी आलीय, शाळेत बसलेत, बायकांचं रक्त घ्यायलेत, शुगर-बीपी फुकट, आणि एका कागदावर सह्या मागायलेत. आशाताई म्हणाली करून टाक. "ताई, करू का?"

माझ्या तोंडात आलंच होतं, कर की, रक्तच तर घ्यायलेत. गिळलं. म्हणलं, कागद आहे का हातात? वाच बरं.

"आत्ता?"

"आत्ताच. मला ऐकू दे."

मागं पोरांचा कालवा, कुणीतरी नावं पुकारत होतं. ती वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तसं, एकेक शब्द मोकळा करून. सहभागींचे... रक्तनमुने... भविष्यातील... संशोधनासाठी... मग अडली.

"पुढचं लई मोठं हाय ओ."

"असू दे. तोडून तोडून वाच. भविष्यातील संशोधनासाठी काय म्हणलंय? तिथून परत घे."